मुखदर्शन आणि पदस्पर्श

मागे नीट ऐकू येतंय ना? बरं.

पत्रिकेत माझा विषय छापलाय तो असा : ‘विद्यापीठ ग्रंथालयांतील दुर्मीळ संग्रह व त्यांची प्रदर्शने’. हे वाचून दहा-बारा माणसं येतील अशी माझी समजूत होती. तुम्ही बरेच आलात, आभार. मघाशी जिन्यात एक गृहस्थ भेटले. म्हणाले, “सर, प्रदर्शनावर तासभर काय बोलणार? बघायचं आणि यायचं.” ते समोरच बसलेत. त्यांचं वाक्य मी आज त्यांच्या परवानगीनं उसनं घेतो, कारण माझी तक्रार नेमकी तेवढीच आहे. बघायचं आणि यायचं.

आपण कादंबरीचं परीक्षण लिहितो, नाटकाचं लिहितो, चित्रांच्या प्रदर्शनावरही थोडंफार लिहितो. पण एखाद्या ग्रंथालयानं लेखकाच्या वह्या, पत्रं, खर्डे मांडले की फक्त बातमी येते. ‘प्रदर्शनास उत्स्फूर्त प्रतिसाद.’ फीत कापतानाचा फोटो, त्यात अकरा माणसं. ते प्रदर्शन चांगलं होतं की वाईट, हे कुणी लिहीत नाही. खरं म्हणजे ते एक संपादन असतं. कुणीतरी हजार कागदांतून चाळीस निवडतं, नऊशे साठ मागे ठेवतं, चाळिसांचा क्रम लावतं आणि प्रत्येकाखाली तीन ओळींची चिठ्ठी लिहितं. म्हणजे त्याला काहीतरी म्हणायचं असतं. मग ते काय म्हणतंय आणि खरं म्हणतंय का, हे विचारायला नको? मी निवृत्त मास्तर आहे, ग्रंथपालनशास्त्र शिकलेलो नाही. पण वाचायला शिकलोय, आणि प्रदर्शनही वाचता येतं असा माझा दावा आहे.

पंढरपूरला जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे, तिथे रांगा दोन. एक पदस्पर्श दर्शनाची. आषाढीला त्या रांगेत उभे राहिलात तर रात्र जाते, कधी दुसरा दिवसही जातो, पण शेवटी विठोबाच्या पायांवर डोकं टेकता येतं. दुसरी मुखदर्शनाची. ती भराभर सरकते, लांबून मूर्ती दिसते, हात जोडायचे आणि पुढे व्हायचं. ज्यांना दोन्ही जमत नाही ते कळसाला नमस्कार करून परततात. वारकरी यातलं काहीच कमी लेखत नाही. पण मुखदर्शन घेऊन आलेला माणूस घरी जाऊन ‘पायांवर डोकं ठेवून आलो’ असं सांगत नाही, हेही खरं. दुर्मीळ संग्रहाचं तसंच आहे. काचेच्या पेटीत उघडून ठेवलेलं पान हे मुखदर्शन. वाचनकक्षात टेबलावर ती वही आपल्या हाताखाली येते तो पदस्पर्श. आणि संकेतस्थळावरची छायाचित्रं, चला, त्यांना कळस म्हणू. मला विचारायचं ते इतकंच, की मुखदर्शनाच्या रांगेतल्या माणसाला दुसरी रांग आहे हे कुणी सांगतं का.

आता एका ठिकाणाबद्दल जरा सविस्तर बोलतो. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठ आहे, ऑस्टिन शहरात. माझा मुलगा तिथे नोकरीला. २०२०च्या फेब्रुवारीत मी त्याच्याकडे होतो, म्हणजे कोविडनं दारं बंद व्हायच्या महिनाभर आधी. सून म्हणाली, “बाबा, घरी बसून टीव्ही बघू नका, तुमच्या आवडीचं इथे एक आहे.” ते म्हणजे हॅरी रॅन्सम सेंटर. हे विद्यापीठाचंच संशोधन ग्रंथालय, हॅरी रॅन्सम नावाच्या प्राध्यापकानं १९५७ साली उभं केलेलं. बाहेरून चुनखडी दगडाची चौकोनी, जवळजवळ बिनखिडक्यांची इमारत. किल्ला म्हणा. आत लेखकांचे कागद किती? विसाव्या शतकातलं इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्याला केव्हा ना केव्हा तिथे जावंच लागतं. प्रदर्शन बघायला पैसे पडत नाहीत. ओळखपत्र विचारत नाहीत. हे आधी सांगतो, कारण पुढे थोडी टीका करणार आहे आणि तुम्ही म्हणाल, फुकट बघून आला आणि वर नावं ठेवतो.

आत शिरल्याबरोबर दालनात दोन वस्तू कायम मांडलेल्या आहेत. एक गुटेनबर्गचं बायबल. पंधराव्या शतकाच्या मध्यावर छापलेलं, युरोपातलं फिरत्या खिळ्यांनी छापलेलं पहिलं मोठं पुस्तक. या विद्यापीठानं ते १९७८ साली चोवीस लाख डॉलरला घेतलं. दोन खंड, काचेत, उघडे. अधूनमधून पान उलटतात. मी गेलो तेव्हा शाळेची सहल आली होती. पोरं रांगेनं येत होती, काचेला नाक लावत होती, फोटो काढत होती आणि पुढे जात होती. मीही तसाच उभा राहिलो. काळीभोर अक्षरं, दोन स्तंभ, प्रत्येकात बेचाळीस ओळी. सुंदर आहे यात वाद नाही. पण खरं सांगू का, मला काही वाचता आलं नाही. लॅटिन येत नाही म्हणून तर खरंच, पण तेवढंच कारण नव्हतं. त्या मांडणीत ते वाचण्याचं पुस्तक राहिलंच नव्हतं. ते ‘पहिलं’ होतं. ते ‘चोवीस लाख’ होतं.

या प्रतीची जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती या पद्धतीत बुडून जाते. ही वापरलेली प्रत आहे. मठांतल्या वाचणाऱ्यांनी तिच्यात हातानं दुरुस्त्या केल्यात, मोठ्यानं वाचताना सोयीच्या खुणा केल्यात. म्हणजे छापलेलं पुस्तक हातात आल्यावर माणसांनी ताबडतोब लेखणी काढली आणि छपाईला सांगितलं, हे चुकलंय. मला तर ही खूण पहिल्या छपाईइतकीच मोठी वाटते. आपल्याकडे आजीच्या पोथीत समासात शिसपेन्सिलीनं ‘इथे थांबणे’ असं लिहिलेलं असतं ना, तसंच. मी असतो तर बायबलचं सजवलेलं पान कधीच उघडं ठेवलं नसतं. जिथे सर्वांत जास्त खाडाखोड आहे ते पान उघडलं असतं आणि चिठ्ठीवर लिहिलं असतं : कुणीतरी हे वाचलं.

दुसरी वस्तू मात्र वेगळी आहे. तिच्यासमोर मी पंधरा-वीस मिनिटं उभा होतो. निसेफोर निएप्स नावाच्या फ्रेंच माणसानं १८२६-२७च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून घेतलेलं चित्र. कॅमेऱ्यानं टिपलेलं आणि आज उरलेलं जगातलं सर्वांत जुनं छायाचित्र. कागदावर नाही, कथिलाच्या मिश्रधातूचा एक पत्रा, साधारण वहीच्या पानाएवढा. त्यावर डांबराच्या जातीचा थर दिलेला. ऊन पडलं तिथे तो कडक झाला, उरलेला लव्हेंडरच्या तेलानं धुऊन काढला. उजेड कितीतरी तास लागला. पूर्वी आठ तास म्हणत, अलीकडे काही अभ्यासक म्हणतात, काही दिवस लागले असतील.

तुम्ही समोर जाता आणि काहीच दिसत नाही. कोरा, किंचित मळकट आरसा. त्यात स्वतःचं टक्कल दिसतं. मग थोडं डावीकडे सरकायचं, वाकायचं, मान तिरकी करायची, आणि एकदम एका कोनात छपराची उतरण दिसते, एक मनोरा, मध्ये अंगण. पुन्हा हललात की गेलं. माझ्या शेजारी एक आजीबाई होत्या, त्यांना दिसेना. मी त्यांना हातवारे करून कोन दाखवला. दिसल्यावर त्या ‘ओह’ म्हणाल्या आणि आपल्या नवऱ्याला बोलवायला गेल्या. ही वस्तू बघणाऱ्याकडून मेहनत मागते. कोन ज्याचा त्यानं शोधायचा. प्रदर्शन म्हणजे काय असावं याचा मला मिळालेला हा सर्वांत चांगला नमुना.

यातली गंमत पुढे आहे. तुम्ही हे चित्र पुस्तकात पाहिलं असेल. करड्या ठिपक्यांचं, पण स्पष्ट, छपरं-बिपरं दिसणारं. ते चित्र पत्र्यावरचं नव्हे. हेल्मुट गर्नशाइम या इतिहासकारानं १९५२ साली हा हरवलेला पत्रा शोधून काढला. कोडॅकच्या प्रयोगशाळेनं त्याची प्रत करून दिली, ती इतकी अस्पष्ट आली की गर्नशाइमनं तिच्यावर स्वतः जलरंगानं हात फिरवला. जगभरच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं गेलं ते हे हात फिरवलेलं चित्र. १९६३ साली गर्नशाइमचा संग्रह टेक्सासला आला, त्यात मूळ पत्राही आला. म्हणून मूळ वस्तू जपायची. तिची किंमत मोठी आहे हा मुद्दा गौण. आपण जे पाहिलं असं समजत होतो ते खरं होतं का, हे पुन्हा तपासता यावं म्हणून जपायची. कळसाला नमस्कार करणाऱ्यांसाठी ही सूचना आहे. संकेतस्थळावरची प्रत कितीही मोठी करून पाहा, तिच्यावर कुणाचा हात फिरला आहे ते मूळ वस्तूशिवाय कळत नाही.

आता मुख्य प्रदर्शनाकडे येतो. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला तिथे गाब्रिएल गार्सिया मार्केसचं प्रदर्शन सुरू झालं होतं. जागतिक कीर्तीचा लेखक कसा घडतो, असा त्याचा विषय. जवळजवळ तीनशे वस्तू. मार्केस आपल्याला परका नाही. मराठीतल्या दोन पिढ्यांच्या लिहिणाऱ्यांनी त्याला इंग्रजीतून वाचला, काहींनी वाचला असं सांगितलं. त्यामुळे मी हरखून गेलो होतो.

आधी हे कागद टेक्सासला कसे आले ते बघा. मार्केस २०१४च्या एप्रिलमध्ये वारला, त्याच वर्षी विद्यापीठानं कुटुंबाकडून सगळा संग्रह विकत घेतला. किती पैसे दिले ते सांगायला विद्यापीठ आधी तयार नव्हतं. एका वृत्तसंस्थेनं माहिती मागितली, प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यापर्यंत गेलं आणि शेवटी आकडा बाहेर आला : बावीस लाख डॉलर. म्हणजे आपल्याकडचा माहितीचा अधिकारच म्हणा. कोलंबियात पुष्कळ हळहळ झाली. ज्या लेखकाला त्याच्या डाव्या मतांपायी अमेरिका वर्षानुवर्षं सरळ व्हिसा देत नव्हती, त्याचे पासपोर्ट अमेरिकेच्या ग्रंथालयात जाऊन बसले. मला यात नुसता विनोद दिसत नाही. मोठ्या पैशाच्या जोरावर एका भाषेच्या आठवणी दुसऱ्या देशात जातात, हे सरळ आहे आणि बोचणारं आहे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ साली संग्रह वाचकांना खुला झाला, आणि २०१७च्या अखेरीस सत्तावीस हजारांहून जास्त पानांची छायाचित्रं संकेतस्थळावर फुकट ठेवली गेली. बोगोटातला विद्यार्थी घरी बसून ती बघू शकतो. आपल्या देशातच राहिलेले आपले किती कागद आपण घरी बसून बघू शकतो, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

प्रदर्शन रचणारे अभ्यासक आल्वारो सान्ताना-आकुन्या. त्यांचा सिद्धान्त असा, की अभिजात पुस्तक एकटा प्रतिभावंत घडवत नाही. मित्र, संपादक, एजंट, समीक्षक, अनुवादक अशी पुष्कळ माणसं मिळून ते घडवतात. हा सिद्धान्त मला पटतो. आपल्याकडे सत्यकथेच्या काळात काय झालं, ते लिहून काढलं तर तोच निष्कर्ष निघेल. आणि प्रदर्शन तो सिद्धान्त इमानदारीनं मांडतं. पत्रांमागून पत्रं, मित्रांची मतं, ज्यांच्याकडून तो शिकला त्या लेखकांचे कागद. बाकीचा संग्रह त्याच छपराखाली असल्यामुळे हे त्यांना शक्य झालं.

पण माझी अडचण अशी, की ‘घडतो’ हे क्रियापद शीर्षकात घातल्यावर मला घडणं बघायचं असतं. आणि नेमकं तिथे मार्केसनं या सगळ्यांना हुलकावणी दिली आहे. ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ १९६७ साली छापून हातात आल्यावर त्यानं आणि बायकोनं त्या पुस्तकाचे कच्चे कागद फाडून टाकले. सुतारकामाच्या युक्त्या कुणाला दिसू नयेत, असं कारण त्यानं स्वतःच पुढे सांगितलं. त्यामुळे संग्रहात त्या कादंबरीचं टंकलिखित आहे ते जवळजवळ पक्कं, हातानं केलेल्या दुरुस्त्या अगदी थोड्या. घर दिसतं, करवतीचा भुसा आधीच झाडून टाकलेला.

मग प्रदर्शनानं काय करावं? माझ्या मते भुसा नाही, हेच मोठ्यानं सांगावं. एक रिकामी पेटी ठेवावी आणि खाली लिहावं : इथे जे असायला हवं होतं ते लेखकानं फाडलं. तसं न करता ती पोकळी फोटोंनी, पासपोर्टांनी, मोठमोठ्या माणसांच्या पत्रांनी भरली आहे. त्यामुळे शेवटी बाहेर पडताना माझ्या मनात त्याची कीर्ती राहिली, लिहिणं नाही राहिलं. थोडक्यात मुखदर्शन झालं, प्रसन्न मुखदर्शन झालं. हे थोडं कठोर आहे, मला मान्य आहे. बाकीच्या पुस्तकांचे खर्डे तिथे होते आणि ते चांगले होते. पण माणसं कुठे थांबत होती ते मी पाहत होतो. ती फोटोंपाशी थांबत होती.

आणि त्या संग्रहातला सर्वांत जिवंत प्रश्न तेव्हा काचेबाहेरच होता. शेवटच्या काळात, स्मृती जात असताना लिहिलेल्या एका छोट्या कादंबरीचे खर्डे तिथल्या खोक्यांत होते. हे नष्ट करा, असं तो म्हणाला होता. मुलांनी ती २०२४ साली छापली. प्रस्तावनेत मुलांनी स्वतःच कबूल केलं, की बापाच्या शब्दाशी ही प्रतारणा आहे. लेखक फाडायला सांगतो, घरचे ठेवतात, ग्रंथालय जपतं, अभ्यासक वाचतो, प्रकाशक छापतो. यात चूक कोण? मी अजून ठरवू शकलेलो नाही. जो माणूस एका पुस्तकाचे कागद स्वतःच्या हातानं फाडू शकला, त्यानं हेही फाडलं असतं. फाडलं नाही. एवढंच मी म्हणेन.

आता दुसरी रांग. दुसऱ्या दिवशी मी मुलाला म्हणालो, मला वाचनकक्षात सोड. त्याला वाटलं, आत घेणार नाहीत. मलाही तसंच वाटत होतं, कारण मी कोण? ना तिथला प्राध्यापक, ना विद्यार्थी. पासपोर्ट दाखवला, नाव नोंदवलं, कागद कसे हाताळायचे ते समजून घेतलं. पिशवी बाहेर, पेन बाहेर. पेन्सिल चालते. संग्रहाची सूची संकेतस्थळावर असते, तिच्यात कुठल्या खोक्यात कुठल्या क्रमांकाचं फोल्डर आणि त्यात काय, इतकं बारीक लिहिलेलं. ते क्रमांक लिहून दिले. ‘कशासाठी हवंय’ असं विचारलं, पण ते चौकशीच्या सुरात, पोलिसी सुरात नव्हे. एका वेळी एक फोल्डर टेबलावर आलं.

मी मागितले होते जे. एम. कुट्सीचे कागद. कारण सांगतो. कुट्सी १९६५ साली दक्षिण आफ्रिकेतून याच विद्यापीठात पीएच.डी.ला आला. पंचविशीचा पोरगा. विषय सॅम्युएल बेकेट. बेकेटच्या ‘वॉट’ या कादंबरीच्या हस्तलिखित वह्या याच ग्रंथालयात होत्या. त्या पोरानं त्या उघडून वाचल्या. पुस्तक अडखळत, चाचपडत, चित्रं गिरबटत कसं पुढे जातं ते त्यानं पाहिलं. पुढे तो स्वतः कादंबरीकार झाला, २००३ साली नोबेल मिळालं. आणि मग त्याचे स्वतःचे कागद कुठे आले? त्याच इमारतीत. वाचनकक्षाच्या टेबलावरून एक माणूस उठतो आणि चाळीसहून जास्त वर्षांनी खोक्यांत बसून परत येतो. ग्रंथालयाचं काम काय, असं मला कुणी विचारलं तर मी ही गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो.

मी बघितला ‘वेटिंग फॉर द बार्बेरियन्स’चा पहिला खर्डा. ही कादंबरी ज्यांनी वाचली त्यांना माहीत आहे, तिच्यात साम्राज्याला नाव नाही, गावाला नाव नाही, सरहद्द कुठली ते कळत नाही. तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो, की हे निनावीपण ही लेखकाची मूळ कल्पना, रूपककथा लिहायची म्हणून त्यानं आरंभापासूनच नावं टाळली. खर्ड्यात काय निघालं? गोष्ट चक्क केपटाऊनमध्ये आहे. नाव घेऊन. यादवी युद्ध झालंय आणि माणसं देश सोडण्यासाठी जहाजाची वाट बघताहेत. म्हणजे ‘वाट बघणं’ आधीपासून होतं. नावं मात्र होती आणि मग त्यानं ती एकेक करून काढली. पानांवर तारखा घातलेल्या, त्यामुळे कधी काय सुटलं ते दिसतं. निनावीपण त्यानं कमावलं, सोडत सोडत कमावलं. मी तीस वर्षं चुकीचं शिकवलं. त्यातले काही विद्यार्थी आज प्राध्यापक आहेत आणि तेच शिकवत असणार. त्यांच्यापैकी कुणी इथे असेल तर दुरुस्ती करून घ्या.

हे मला काचेतून कळलं असतं का? कधीच नाही. काचेत एक पान उघडं असतं, आणि बदल हा दोन पानांच्या मध्ये घडतो.

बरं, आता घरी येऊ. इथून पुढचं मी कुणाचं नाव न घेता बोलणार आहे, कारण भांडण करायचं नाही. माझा एक मित्र होता, तालुक्याच्या गावी शाळामास्तर, कवी. चांगला कवी. दोन संग्रह, एक पुरस्कार, बस्स. तो गेल्यावर वर्षभरानं वहिनींचा फोन आला. “भाऊजी, यांच्या वह्या आहेत. चार ट्रंका. पोरं म्हणतात जागा नाही, रद्दीवाला किलोनं विचारतोय. मला तर हात लावायला धजवत नाही. कुणाला द्यायच्या सांगा.” मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊ. टेक्सास डोक्यात होतं ना. टेम्पो केला. तीन ट्रंका बसल्या, चौथी मागून नेऊ म्हणून माझ्या घरी ठेवली. पत्र आलं, आभाराचं, गोल शिक्क्यासह.

पुढच्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, निमंत्रण आलं. ‘कवीच्या अक्षरधनाचे प्रदर्शन.’ वहिनींना घेऊन गेलो. दीपप्रज्वलन झालं, वाचनसंस्कृतीवर चाळीस मिनिटं भाषण झालं. मग शो-केस. तिच्यात मित्राची शाल, मानपत्र, चष्मा, पुरस्काराचं स्मृतिचिन्ह. मध्ये वह्यांची चळत, लाल फितीनं बांधलेली, वर झेंडूचा हार. पुढे पाटी : ‘कृपया हात लावू नये.’ एकही वही उघडी नव्हती. वहिनी हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना बरं वाटत होतं, म्हणून मी तिथे काही बोललो नाही.

चार महिन्यांनी एकटा गेलो. म्हटलं, दुसऱ्या संग्रहातली शेवटची कविता त्यानं तीनदा बदलली होती, मला माहीत आहे, ते तीन पाठ बघायचेत. उत्तर आलं, अर्ज करा, विभागप्रमुखांची शिफारस जोडा. केलं. मग कळलं, दाखल नोंदच झालेली नाही, नोंद नाही तर क्रमांक नाही, क्रमांक नाही तर काढून देता येत नाही. ग्रंथपालबाई सज्जन होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “सर, तीन जागा रिकाम्या आहेत. मी एकटी. हस्तलिखितांची सूची करायला माणूसच नाही. प्रदर्शनाला मात्र वरून परिपत्रक येतं, फोटो पाठवावे लागतात.” त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. पण सगळी मेख त्यांनी एका वाक्यात सांगितली, बघा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, त्याचं प्रदर्शन. २७ फेब्रुवारीचं प्रदर्शन. मुखदर्शनाचं परिपत्रक निघतं. दुसऱ्या रांगेचं परिपत्रक निघत नाही. सूची नसलेल्या संग्रहाचं प्रदर्शन म्हणजे देवळाला नुसता दर्शनी दरवाजा, आत गाभाराच नाही.

भीतीचाही भाग आहे, तो नाकारू नये. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर जमावानं हल्ला केला. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाच्या रागानं, ज्या संस्थेत जुन्या पोथ्या राहतात तिथे तोडफोड झाली. त्यानंतर ‘कशाला कुणाला दाखवा’ असं म्हणणाऱ्याला मी एकदम मूर्ख म्हणू शकत नाही. पण कुलूप लावून वह्या वाचत नाहीत. वाळवीला किल्ली लागत नाही.

कुणी म्हणेल, आपली परंपराच पोथी पुजण्याची आहे, तुम्ही टेक्सासचं काय सांगता. तर देहूचं सांगतो. देहूला तुकोबांची भिजकी वही आहे, तिची पूजा होते, माणसं दर्शन घेतात. पण इंदुप्रकाशनं १८६९ ते १८७३मध्ये गाथा छापली तेव्हा शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी काय केलं? देहूची, तळेगावची, पंढरपूरची, कडूसची अशा प्रती मिळवल्या आणि त्यांतले पाठ पडताळून पाहिले. इथे हा शब्द, तिथे तो शब्द. पुजलेल्या वह्या उघडल्या गेल्या, म्हणून ती गाथा आपल्या घरी आली. कुणाची श्रद्धा त्यानं बाटली नाही. दीडशे वर्षांपूर्वी हे आपल्याला जमत होतं.

वेळ संपत आली, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, मी पाहिलं ते. एवढंच सांगतो की तीन ट्रंकांसाठी मी दर दोन महिन्यांनी अर्ज करतो. परवा उत्तर आलं, सहा वह्यांची नोंद झाली. बाईंनी घरी नेऊन केली म्हणे, नियमात बसतं की नाही कोण जाणे.

चौथी ट्रंक अजून माझ्याकडे आहे. वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, राहू द्या, तुमच्याकडे तरी कुणी वाचेल. तिच्यातल्या सत्तावीस वह्यांची सूची मी केली आहे, कुठल्या वहीत कुठली कविता, किती पाठ, सगळं. ती शेवटची कविता तिसऱ्या पाठात निम्मी झाली आहे, तेवीस ओळींच्या अकरा. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. ज्यांना बघायचंय त्यांनी कार्यक्रमानंतर माझ्याकडे नाव द्या. रविवारी सकाळी दहा ते एक. माझ्या जेवणाच्या टेबलावर दोघं बसू शकतात. चहा आधी बाहेर प्यायचा, पेन खिशात ठेवायचं. पेन्सिली मी आणून ठेवल्यात.